हाताने उघडेल तीच कडी

गोदावरीत बुडी मारणाऱ्याला स्वतःच्या मनगटावरचं घड्याळ दिसत नाही. नांदेडकरांना हे वेगळं सांगायला नको. पावसाळ्यात विष्णुपुरीचे दरवाजे उघडले की नगीना घाट, बंदा घाट, गोवर्धन घाट या सगळ्यांच्या पायऱ्यांना मातीचं पाणी लागतं. हिवाळ्यात नदी वरून निवळते, पण तळाचा गाळ पायाच्या एका फटक्याने उठतो आणि बराच वेळ खाली बसत नाही. लातूर जिल्ह्यात मांजरा, तेरणा, तावरजा यांची पात्रं गोदावरीच्या मानाने लहान. तिथली खोली विहिरींत आहे. उभ्या बांधणीच्या जुन्या विहिरीत भर दुपारीसुद्धा काही मीटर खाली उजेड संपतो. अशा पाण्यात डोळ्यांचं काम बोटांना करावं लागतं. बोटांना जे चटकन ओळखता येतं, उघडता येतं, सोडता येतं, तेवढंच सामान तिथे कामाचं. बाकीचं ओझं.

डायव्हिंगचं सामान अंगाशी धरून ठेवणाऱ्या क्लिपा आणि स्नॅप हा या पुस्तिकेचा विषय आहे. विषय इतका लहान, की प्रशिक्षणात त्याच्या वाट्याला बहुधा एखादं वाक्य येतं. सिलिंडरमध्ये दाब किती, रेग्युलेटर कसा तपासायचा, बीसीडीत, म्हणजे तरंगण्याच्या जाकिटात, हवा कधी भरायची यांवर तासच्या तास होतात आणि ते व्हायलाच हवेत. पण टॉर्च, प्रेशर गेज, रील, कॅमेरा, कटर हे सगळं शरीराला कशाने जोडलं आहे, हे फारसं कुणी विचारत नाही. जे हाताशी आलं त्याने जोडलेलं असतं: किल्ल्यांच्या जुडग्याची कडी, कुत्र्याच्या पट्ट्याचा हूक, गिर्यारोहणाच्या सामानातला कॅराबिनर, कधी नुसती तार. या प्रत्येक वस्तूचं आपलं काम आहे आणि जमिनीवर त्या कामाला ती चांगली असते. पाण्याखाली तिच्याकडून वेगळीच अपेक्षा असते आणि त्या अपेक्षेसाठी ती घडवलेली नसते.

मराठवाड्यात याची गरज काय, हा प्रश्न रास्त आहे. 12 एप्रिल 2016 रोजी मिरजेहून आलेली पहिली पाण्याची रेल्वे लातुरात उभी राहिली, तेव्हा तिच्या दहा वाघिणींत पाच लाख लिटर पाणी होतं. ज्या शहराने पिण्याचं पाणी असं मोजून घेतलं, तिथे बुडण्याविषयी काय लिहायचं? पण कोरड्या मुलखातलं पाणी जिथे असतं तिथे खोल, अरुंद आणि काठ नसलेलं असतं. प्लास्टिकचा कागद अंथरलेल्या शेततळ्याच्या उतारावर ओल्या पायाला पकड मिळत नाही. बंद पडलेल्या दगडखाणीत पावसाचं पाणी साठतं आणि तळ कुठे आहे हे कुणालाच ठाऊक नसतं. विहिरीत मोटारीचा केबल, पाइप, पाइपाला बांधलेली नायलॉनची दोरी आणि कधीकाळी पडलेल्या बादल्यांचे दोर असं सगळं एकमेकांत गुंतून पडलेलं असतं. धरणाच्या बुडीत क्षेत्रात बाभळी आणि कुंपणाच्या तारा पाण्याखाली तशाच उभ्या असतात. पाण्याच्या रेल्वेनंतर नऊ वर्षांनी, ऑगस्ट 2025 मध्ये, शेजारच्या मुखेड तालुक्यात असा पाऊस झाला की हसनाळसारखी गावं पाण्याने वेढली, माणसं दगावली आणि मदतीला लष्कराला बोलवावं लागलं.

अशा मुलखात पाण्यात उतरणारी माणसं लागतात, आणि ती आहेत. घाटांवरचे जीवरक्षक आहेत, भोई समाजातले पिढीजात पोहणारे आहेत, अग्निशमन दलाचे जवान आहेत, राज्य आपत्ती प्रतिसाद दलाच्या तुकड्या आहेत. त्यांतल्या काहींच्या पाठीवर सिलिंडर असतो, पुष्कळ जण अजून छातीच्या दमावर बुडी मारतात. दोघांच्याही अंगाला काही ना काही अडकवलेलं असतं आणि वर काठावरून धरलेली एक दोरी असते. ही पुस्तिका प्रथम त्यांच्यासाठी आहे.

दुसरा वाचक मालवणला जाणारा. मालवणच्या किनाऱ्यालगतचं 29.12 चौरस किलोमीटरचं क्षेत्र 1987 मध्ये सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झालं. राज्याच्या पर्यटन महामंडळाने तारकर्लीला स्कूबाची प्रशिक्षण संस्था उभी केली. सुट्ट्यांच्या दिवसांत एमएच 26 आणि एमएच 24 पाट्यांच्या गाड्या आता त्या वाटेवर दिसतात. पहिल्या वेळी पाण्यात जाणाऱ्याला सामानाची चिंता नसते, प्रशिक्षक सगळं बांधून देतो आणि हाताला धरून नेतो. त्यातले काही जण पुढे रीतसर अभ्यासक्रम करतात, 18 मीटरपर्यंत जाण्याचा परवाना मिळवतात आणि मग स्वतःची खरेदी सुरू होते. महागाचं सामान चौकशी करून घेतलं जातं. शे-दोनशे रुपयांच्या क्लिपेची चौकशी कुणी करत नाही. आजवर मालवणच्या स्वच्छ, उथळ पाण्यात ते खपून गेलं असेल. नौदलातून निवृत्त झालेली 'आयएनएस गुलदार' ही युद्धनौका निवतीजवळ समुद्रतळावर ठेवून तिच्याभोवती डायव्हिंग सुरू करण्याचा महामंडळाचा प्रकल्प आहे. बुडालेल्या जहाजावर तारा, कठडे, गंजलेल्या शिड्या आणि त्यांना गुंडाळली गेलेली मासेमारीची जाळी असतात. तिथे उतरणाऱ्याला क्लिपेचा विचार करावाच लागेल.

आता मूळ मुद्दा. क्लिपा असंख्य आकारांत मिळतात, पण जिवाच्या हिशेबाने त्यांचे दोनच वर्ग पडतात: जिच्यात दोरी आपणहून शिरते ती, आणि जिच्यात शिरू शकत नाही ती.

पहिल्या वर्गातल्या क्लिपेला बिजागरीवर आत झुकणारी एक पाकळी असते आणि स्प्रिंग तिला मिटलेली ठेवते. बाहेरून काहीही टेकलं की पाकळी आत जाते, टेकलेली वस्तू आत येते आणि पाकळी तिच्यामागे पुन्हा मिटते. जमिनीवर ही मोठी सोय आहे, बोट न लावता क्लिप नुसती दाबली की अडकते. तळाशी पडलेल्या दोरीलाही नेमकी हीच सोय मिळते. जाळ्याचा धागा, विहिरीतला जुना दोर, शोधासाठी आपणच ताणलेली मार्गदोरी क्लिपेला घासून जाते आणि आत शिरते. डायव्हरला कळतही नाही. तो पुढे सरकतो तशी दोरी ताणते आणि मग कळतं. ताणलेली दोरी बाहेर काढायची तर आधी मागे सरकून ती सैल करायची, एका बोटाने पाकळी आत दाबून धरायची आणि त्याच वेळी दोरी त्या फटीतून उलटी ओढायची. हे सगळं न दिसता, बहुधा एकाच हाताने, कंबरेच्या मागच्या बाजूला. फ्लोरिडातल्या पाण्याने भरलेल्या चुनखडीच्या गुहांत उतरणाऱ्यांनी या क्लिपेला 'सुसाइड क्लिप' म्हटलं आणि जगभरच्या डायव्हरांत ते नाव रूढ झालं.

त्या गुहांचा उल्लेख पुढे पुन्हा पुन्हा येईल, म्हणून थोडं सांगतो. शेक एक्सली हा तिथला नावाजलेला गुहा-डायव्हर. गुहांत झालेल्या मृत्यूंची छाननी करून त्याने 1979 मध्ये एक छोटं पुस्तक लिहिलं. बाहेरच्या मोकळ्या पाण्यापर्यंत पोचणारी अखंड मार्गदोरी नसणं, परतीसाठी पुरेशी हवा राखून न ठेवणं आणि झेपेल त्यापेक्षा खोल जाणं, ही कारणं त्याला पुन्हा पुन्हा सापडली. म्हणजे दोरी हवीच. जिच्या आधाराने परत यायचं तीच दोरी चुकीच्या क्लिपेत शिरली तर माणसाला धरून ठेवते, हा त्या गुहांमधला पेच होता आणि तोच आपल्याकडे आहे. गुहेत डोक्यावर छत असतं, गोदावरीत नसतं. अंधार आणि दोरी मात्र दोन्हीकडे आहेत. विहिरीत तर वरचं मोकळं तोंडही काही हातांचंच.

दुकानात उभं राहून करायची परीक्षा सोपी आहे. बुटाच्या लेसइतकी जाड दोरी दोन हातांत ताणून धरा आणि क्लिपेच्या सगळ्या बाजूंनी घासा, दाबा, फिरवा. क्लिपेला बोट लावू नका. दोरी आत गेली तर ती क्लिप परत ठेवा, मग ती कितीही मजबूत आणि महाग असो. गिर्यारोहणाचा साधा कॅराबिनर या परीक्षेत नापास होतो. तो दोन हजार किलोंहून अधिक वजनाचा झटका सोसतो याचं दुकानदार कौतुक सांगतो, आणि ते खरंही असतं. पण टॉर्चचं वजन किलोभरही नसतं. ज्या ताकदीची गरज नाही तिच्यासाठी आपण जीव अडकवणारी पाकळी का विकत घ्यायची?

दुसऱ्या वर्गातली मुख्य क्लिप म्हणजे बोल्ट स्नॅप. हिला झुकणारी पाकळी नसते. धातूची एक छोटी दांडी तिच्या अंगातल्या खोबणीत सरळ मागेपुढे सरकते आणि दांडीला एक घुंडी असते. अंगठ्याने घुंडी मागे ओढली तरच तोंड उघडतं. बाहेरून घासणारी दोरी दांडीला आडवा दाब देते, आणि आडव्या दाबाने दांडी सरकत नाही. गोठ्यात जनावर बांधताना जुनी माणसं निरगाठ मारत नाहीत, सुरगाठ मारतात: जनावराने कितीही हिसके दिले तरी ती धरून राहते, आणि गोठ्याला आग लागली तर मोकळं टोक ओढून क्षणात सुटते. बोल्ट स्नॅपचा गुण नेमका हाच. तो सुटतो, पण माणसाने ठरवलं तरच. अशीच दांडी दोन्ही टोकांना असली की त्याला डबल-एंडर म्हणतात. रील किंवा जादा टॉर्च अडकवायला तो फार उपयोगी. तो पुरता काढून घेता येतो आणि पाण्यात दुसऱ्या कामालाही लावता येतो.

माप निवडताना हौसेपेक्षा हाताकडे पाहावं. साधारण 9 ते 11 सेंटीमीटर लांबीचा बोल्ट स्नॅप बहुतेकांच्या मुठीत नीट बसतो. त्याहून लहान दिसायला सुबक असतो, पण घुंडी अंगठ्याखाली सापडत नाही. पाण्यात भिजून सुरकुतलेल्या, थकलेल्या बोटांना तर नाहीच. तोंड इतकं उघडावं की डी-रिंगची, म्हणजे अंगावरच्या पट्ट्याला असलेल्या डी आकाराच्या कडीची, जाडी सहज आत जाईल, ओढाताण न करता. आणि मागची कडी फिरती असावी, नाहीतर गेजच्या होजला, म्हणजे नळीला, पीळ पडतो. डोळे मिटून, हात ओला करून, आधी उजव्या आणि मग डाव्या हाताने उघडून पाहा. दोन्ही हातांनी उघडली नाही तर ती तुमच्या हाताची क्लिप नव्हे.

चांगली क्लिप घेतली तरी ती सामानाला कशी जोडायची हा प्रश्न उरतो, आणि माझ्या मते पुस्तिकेतला सर्वांत महत्त्वाचा भाग तोच आहे. धातूचा धातूशी कायमचा जोड कुठेही ठेवू नये. टॉर्चच्या कडीत थेट स्नॅपची कडी घातली, किंवा गेजचा होज स्नॅपला तारेने आवळला, तर तो जोड पाण्यात तुटत नाही आणि कापताही येत नाही. दांडीत वाळूचा एक कण अडकला, स्प्रिंग दगावली, डी-रिंग वाकली, तर सामान अंगाला कायमचं जडलं. म्हणून मध्ये दोरी हवी. सुमारे 2 मिलिमीटर जाडीची विणलेली नायलॉनची दोरी स्नॅपच्या कडीतून आणि होजभोवती तीन-चार वेढे देऊन घट्ट आवळायची, रीफ नॉटने बांधायची आणि टोकं मेणबत्तीवर वितळवून बंद करायची. वर्षानुवर्षं टिकते, आणि वेळ आली तर कात्रीच्या एका चावण्यात तुटते. काही जण दोरीऐवजी रबरी ओ-रिंग वापरतात, जोराने हिसकलं की तुटावी म्हणून. मला ती पटत नाही. उन्हाने रबर कधी कमकुवत झालं ते दिसत नाही, आणि नको त्या क्षणी तुटून गेज गाळात लोंबकळू लागतं. दोरी मात्र आपण कापू तेव्हाच सुटते.

किती वेळ हाताशी असतो याचा हिशेब प्रत्येकाने एकदा कागदावर मांडावा. 12 लिटरच्या सिलिंडरमध्ये 50 बार दाब उरला आहे, म्हणजे साधारण 600 लिटर हवा. शांत माणूस पाण्याबाहेर मिनिटाला 20 लिटरच्या आसपास हवा घेतो. 10 मीटर खोलीवर दाब दुप्पट होतो, म्हणून खर्च 40 लिटर. पंधरा मिनिटं मिळाली. अडकलेला, घाबरलेला माणूस तिप्पट हवा सहज ओढतो. मग पाच मिनिटं राहतात, आणि त्यातच वर यायचं असतं. दमावर बुडी मारणाऱ्याकडे तर एवढंही नसतं. क्लिप उघडायला दोन सेकंद लागतात की चाळीस, याला इतकी किंमत आहे.

धातूच्या बाबतीत बाजारात चकाकी खूप आणि माहिती थोडी. चांगले स्नॅप 316 जातीच्या स्टेनलेस स्टीलचे असतात. त्यात 2 ते 3 टक्के मॉलिब्डेनम असतं आणि त्यामुळे खाऱ्या पाण्यातल्या क्लोराइडपुढे ते टिकतं. भांड्याकुंड्यांचं नेहमीचं 304 जातीचं स्टील गोदावरीच्या गोड्या पाण्यात ठीक चालेल, पण मालवणला नेऊन आणलं आणि न धुता पिशवीत ठेवलं तर त्यावर तांबूस ठिपके धरतात. पितळ गंजत नाही, फक्त मऊ असतं आणि झिजतं. टाळायची ती जस्ताच्या मिश्रधातूत ओतून वर क्रोमचा मुलामा दिलेली क्लिप. आरशासारखी दिसते, मुलाम्याला एक ओरखडा पडला की आतून पांढरी भुकटी सुटते, आणि मग एक दिवस ती पिचते. लोहचुंबक जवळ ठेवा. जोरात चिकटलं तर आत साधं लोखंड आहे. अगदी हलकी ओढ लागली तर घाबरू नका, घडाईच्या ताणामुळे स्टेनलेसमध्येही थोडं चुंबकत्व येतं. आणि अंग उत्तम असूनही आतली स्प्रिंग हलक्या प्रतीची असू शकते. ती दिसत नाही, म्हणून वापरल्यावर प्रत्येक वेळी स्वच्छ पाण्यात घुंडी मागेपुढे करून गाळ धुवायचा. तेल घालू नये, त्याला वाळू चिकटते. घुंडी अडखळू लागली की ती क्लिप निवृत्त करायची आणि घरात पिशव्या टांगायला वापरायची.

क्लिपा कुठे लावायच्या याविषयी पुस्तिकेत सविस्तर प्रकरण आहे, इथे दोनतीनच गोष्टी सांगतो. विल्यम हॉगार्थ मेन या फ्लोरिडाच्याच डायव्हरच्या नावाने ओळखली जाणारी मांडणीची एक पद्धत आहे. तिचं सार असं, की लागेल तेवढंच घ्यायचं आणि प्रत्येक वस्तूची जागा कायमची ठरवायची. प्रेशर गेज डाव्या कंबरेच्या डी-रिंगला, टॉर्च छातीच्या डी-रिंगला, असं. अंधारात हात आपोआप तिथे जातो. काहीही लोंबकळत ठेवायचं नाही. स्प्रिंगने आपोआप आत गुंडाळणाऱ्या दोऱ्या दुकानात छान वाटतात, गाळात त्यांची गुंडाळी अडकते. वजनाच्या पट्ट्याला कधीही काहीही अडकवू नये. संकटात तो पट्टा एका हाताने सोडून टाकायचा असतो, आणि तो सुटून मांडीशी लोंबकळला तर सोडल्याचा उपयोग शून्य. जोडीदाराला द्यायचा जादा रेग्युलेटर अशा क्लिपेत ठेवू नये जी आधी उघडावी लागते. तो एका हिसक्यात सुटला पाहिजे, कारण मागणाऱ्याजवळ वेळ नसतो.

पुस्तिकेतलं पुराच्या पाण्याचं प्रकरण या विषयात बसतं का, यावर माझ्याशी काहींनी वाद घातला. ते स्कूबा नव्हे, हे खरं. पण नांदेड आणि लातूरमध्ये दोरी आणि कडी यांच्यापायी माणूस धोक्यात येण्याची शक्यता सर्वांत जास्त तिथेच आहे, म्हणून ते मी आग्रहाने ठेवलं. पुलावरून पाणी वाहतं आहे, पलीकडे कुणी अडकलं आहे, आणि गावातला धाडसी पोरगा कंबरेला दोर बांधून निघतो. दुसरं टोक काठावरच्या दहा जणांच्या हातात. सगळ्यांना वाटतं, दोर आहे म्हणजे तो सुरक्षित आहे. वाहत्या पाण्यात नेमकं उलटं होतं. पाय निसटला की प्रवाह त्याला खाली ओढतो, दोर त्याला एका जागी धरून ठेवतो आणि पाण्याचा सगळा भार त्याच्या अंगावर येतो. काठावरची माणसं जितक्या जोराने ओढतात तितका तो पाण्याखाली दाबला जातो. कंबरेची गाठ भिजून आवळलेली असते. स्वतः सोडवणं त्याच्या हातात उरत नाही.

यासाठी झटक्यात सुटणारा हार्नेस असलेलं जीवरक्षक जाकीट मिळतं. त्यात दोर पाठीमागच्या कडीला लागतो आणि ती कडी एका पट्ट्यात ओवलेली असते. छातीवरची गोळी ओढली की पट्टा सुटतो, कडी निघून जाते आणि माणूस प्रवाहाबरोबर मोकळा होतो. मग त्याला पुढे, वळणावर उभ्या असलेल्या माणसांनी दोराची थैली फेकून काढायचं. म्हणजे पुढे माणसं आधी उभी करायला हवीत. असं जाकीट जवळ नसेल तर वाहत्या पाण्यात माणसाला दोर बांधून सोडू नये. हे वाक्य मी कठोरपणे लिहितो आहे आणि गावोगावच्या ग्रामपंचायतींनी ते भिंतीवर लिहावं असं मला मनापासून वाटतं.

साचलेल्या पाण्यात, म्हणजे विहिरीत किंवा धरणाच्या शांत डोहात, गोष्ट वेगळी आहे. तिथे काठावरच्या माणसाने धरलेली दोरी हाच डायव्हरचा आधार असतो. ती दोरी हार्नेसला मळसूत्राने बंद होणाऱ्या कॅराबिनरने लावणं योग्य, कारण ती आपोआप सुटून चालणार नाही. मळसूत्र पूर्ण फिरवलेलं आहे की नाही हे वरच्या माणसाने हाताने चाचपून पाहायचं, नुसतं विचारायचं नाही. इथे ताकद हवी आणि कुलूपही हवं. म्हणूनच क्लिप चांगली की वाईट हे एकटीकडे पाहून ठरत नाही. ती कुठे, कशाला आणि कोणत्या पाण्यात लावली यावर ठरतं.

कापण्याची साधनं हा याच विषयाचा दुसरा अर्धा भाग. निदान दोन हवीत, एक उजव्या हाताला पोचेल असं आणि एक डाव्या. पिंडरीला बांधलेला मोठा सुरा सिनेमात शोभतो. जाळ्यात पाय अडकल्यावर तिथवर हात पोचत नाही, आणि सुऱ्याची मूठ स्वतःच जाळ्यात अडकते. गोदावरीत आणि धरणांत मासेमारीला लावतात ती एकधागी नायलॉनची जाळी पाण्यात दिसत नाहीत आणि सुऱ्यापुढे नुसती सरकतात. रुग्णवाहिकेत कपडे कापायला असते तशी बोथट टोकाची कात्री तिथे सर्वांत उपयोगी, किंवा खाचेत पातं बसवलेला छोटा कटर. सुरा-कात्रीच्या म्यानालाही दोरी लागते, आणि तिथेही तोच नियम: मूठ धातूच्या साखळीने जोडायची नाही.

लातूरच्या गंजगोलाईत किंवा नांदेडच्या जुन्या मोंढ्यात डायव्हिंगचं दुकान शोधू नका. पण हार्डवेअरच्या दुकानांत बोल्ट स्नॅप मिळतो, बहुधा साखळ्यांच्या आणि जनावरांच्या सामानाच्या खोक्यात. त्यातले काही स्टीलचे आणि खरोखर चांगले असतात, काही मुलाम्याचे. दोरीची, चुंबकाची आणि ओल्या हाताची अशा तीन परीक्षा घेऊन त्यातून निवड करता येते, आणि परदेशी छापाच्या क्लिपेसाठी पैसे नाहीत म्हणून कुणी तार वापरू नये, यासाठीच पुस्तिकेत खरेदीचं प्रकरण लिहिलं आहे. घाटावरच्या मुलांना महिन्याची मिळकत किती असते याची मला कल्पना आहे. पाच चांगल्या क्लिपा आणि एक कात्री हा खर्च त्यांनी स्वतःच्या खिशातून करावा, ही अपेक्षाच चुकीची आहे. नगरपालिकांनी आणि ज्या मंडळांच्या विसर्जनाला ही मुलं दिवसभर पाण्यात उभी असतात त्यांनी तो उचलावा.

पुस्तिका वाचून कुणी डायव्हर होत नाही. सिलिंडर लावून पाण्याखाली जायचं तर तारकर्लीसारख्या ठिकाणी रीतसर शिकावं लागतं, आणि श्वास रोखून वर येण्यातला धोका, कान मोकळे करणं, जोडीदाराशी खुणांची भाषा हे सगळं पाण्यात, शिक्षकासमोरच शिकावं लागतं. इथे जे आहे त्याचा सराव मात्र गावात करता येतो. डोळ्यांना फडकं बांधून, खुर्चीवर बसून, डी-रिंगला क्लिपा लावायच्या आणि काढायच्या. मग पोहण्याच्या तलावात, उथळ पाण्यात, सोबतीला माणूस ठेवून तेच करायचं. शेवटी जुन्या जाळ्याचा तुकडा अंगावर टाकून कात्रीने कापायचा.

चित्रांविषयी एक सूचना. सगळ्या क्लिपांची चित्रं मूळ मापात छापली आहेत, लहान-मोठी केलेली नाहीत. तुमच्याजवळची क्लिप पानावर ठेवून तिची लांबी, तोंडाची फट आणि घुंडीची जागा ताडून पाहता येईल. ज्या क्लिपांवर आडवी काट मारली आहे त्या सुसाइड क्लिपा आहेत. तशी एखादी तुमच्या सामानात निघाली तर पुढचं प्रकरण वाचण्याआधी ती काढून ठेवा.